फोन घरोघरी, पुस्तकं कपाटात! खोटा मेसेज ओळखायला पोरं शिकणार कुठं?

चिखला (ता. तुमसर) : मॉइलच्या मँगनीज खाणीमुळं चिखल्याचं नाव जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहे. पण आजचा विषय खाणीचा नाही, खिशातल्या फोनचा आहे. तालुक्यातल्या इतर गावांसारखाच इथंही फोन आता चैनीचा राहिलेला नाही. धान खरेदीची नोंदणी, पीक विमा, बँकेचा ओटीपी, लाडकी बहीणची ई-केवायसी, पोराचा गृहपाठ, सगळं त्याच्यातूनच होतं.

आणि घरात फोन सगळ्यात जास्त कळतो कुणाला? आठवी-नववीतल्या पोट्ट्यांना. मेसेज आला की आई म्हणते, "बघ रे, काय आलंय." बाप म्हणतो, "वाचून दाखव, नाही तर करून टाक." म्हणजे खेड्यातल्या कितीतरी घरांत फोनवरचं वाचायचं काम आज चौदा-पंधरा वर्षांच्या पोराकडं किंवा पोरीकडं आहे. त्याच्या बोटावर घरातल्या बँक खात्याची सुरक्षा अवलंबून आहे.

मग प्रश्न असा की या घरच्या वाचकाला नीट वाचायला, शंका घ्यायला, खरं-खोटं पडताळायला शिकवतं कोण? फोनचं दुकान शिकवत नाही. कंपनी शिकवत नाही. शाळेनं शिकवायचं, तर शाळेत त्यासाठी तास कोणता? जगभरात यावर बरंच संशोधन झालं आहे. त्यातून जे पुढं येतं ते ऐकायला साधं आहे, पण करायला चिकाटी लागते. नुसतं यंत्र देऊन हे येत नाही, एका दिवसाच्या शिबिरानंही येत नाही. दर आठवड्याला पुस्तकांमध्ये बसून, कुणीतरी सोबत घेऊन वाचलं तर येतं. आणि त्याची जागा शाळेचं ग्रंथालय ही आहे.

फोन चालवता येतो, पण वाचता येतं का?

प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भागातल्या मुलांचा अभ्यास करतो. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं. ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. मागच्या आठवड्यात फोनवर काय केलं, असं विचारल्यावर ५७ टक्के मुलांनी अभ्यासाशी संबंधित काही केल्याचं सांगितलं, तर ७६ टक्के मुलं समाजमाध्यमांवर गेली होती.

आता खरी गोम बघा. समाजमाध्यमं वापरणाऱ्या या मुलांपैकी ६२ टक्के मुलांनाच एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची हे माहीत होतं. पासवर्ड बदलता येणारी मुलं होती ५८ टक्क्यांच्या आसपास, आणि आपलं खातं अनोळखी लोकांपासून झाकून ठेवणं माहीत असलेली ५५ टक्के. म्हणजे गाडी सगळेच चालवतात, पण ब्रेक कुठं आहे हे दहातल्या चार जणांना ठाऊक नाही.

त्याआधीच्या वर्षीचा, २०२३ चा 'असर' १४ ते १८ वयाच्या पोरांवर होता. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत तो झाला. महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा निवडला होता. त्यात दिसलं की देशातल्या या वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सरळ वाचता येत नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. फोन येतो, व्हिडिओ शोधता येतो, पुढं पाठवता येतो. पण चार ओळींचा मजकूर नीट वाचून त्यातली मेख पकडता येत नाही. आता साधा ओटीपीचा मेसेज घ्या. हा क्रमांक कुणालाही सांगू नका, असं बँक बहुतेक वेळा त्या मेसेजमध्येच लिहिते. तो मेसेज पूर्ण वाचणारा सहसा फसत नाही. फक्त आकडा बघून फोनवरच्या माणसाला सांगणारा फसतो. फरक तंत्रज्ञानाचा नाही, वाचण्याचा आहे.

मुलींचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. 'असर २०२४' मध्ये फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडं स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण २७ टक्के. म्हणजे पोरगी फोन वापरते ती बहुतेक वेळा भावाचा किंवा बापाचा, तोही थोडाच वेळ. चूक झाली तर फोनच काढून घेतला जाईल या भीतीनं ती कुणाला सांगतही नाही. तिला विचारायला जागा हवी. शाळेतल्या पुस्तकांच्या खोलीसारखी दुसरी सुरक्षित जागा गावात क्वचितच असते.

चुकीची किंमत पैशातच मोजली जाते असं नाही

महाराष्ट्र हे एकदा पाहून चुकला आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राइनपाडा गावी आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी ही माणसं होती. मुलं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून सगळीकडं पसरली होती. ज्यांनी मेसेज पुढं पाठवला त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटलं असणार की आपण गावाला सावध करतोय.

त्यानंतर व्हॉट्सअॅपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवायची मर्यादा घातली, पुढं पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दिसायला लागली. कंपनीनं तिच्या बाजूनं कुंपण घातलं. पण मेसेज हातात आल्यावर त्याला प्रश्न विचारायची सवय कंपनी लावू शकत नाही.

आज अफवांचं रूप बदललंय. सरकारी योजनेच्या नावानं एपीके फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडं जातो. लग्नपत्रिकेच्या नावानं येते, गाडीच्या चलनाच्या नावानं येते. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या काळात खोट्या वेबसाइटपासून सावध राहा, असं सरकारलाच सांगावं लागलं. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा कायद्यात प्रकारच नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून देशाला समजावून सांगावं लागलं.

पेरूत लॅपटॉप दिले, मग काय झालं?

खेड्यातल्या मुलांना यंत्र दिलं की ती आपोआप शिकतील, असं मानणारे आपल्याकडंच नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं २००८ पासून गरीब ग्रामीण भागातल्या मुलांना लॅपटॉप वाटले. नंतर ३१९ शाळांचा अभ्यास झाला. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत मुलामागं एकाहून जास्त संगणक झाले होते. पण गणितात आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. मुलं यंत्र चालवायला मात्र शिकली. शिकवण्याची पद्धत तीच राहिली तर नवीन यंत्रानं अभ्यास सुधारत नाही, हा त्यातला धडा.

श्रीमंत देशांतही फार वेगळं नाही. ओईसीडी ही प्रगत देशांची संघटना १५ वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची परीक्षा घेते. २०१८ च्या परीक्षेत एका उताऱ्यावर प्रश्न होता की यातलं कोणतं वाक्य वस्तुस्थिती सांगतं आणि कोणतं लिहिणाऱ्याचं मत आहे. प्रगत देशांतल्या सरासरी ४७ टक्के मुलांनाच हे नीट ओळखता आलं. म्हणजे घरी इंटरनेट, शाळेत संगणक, तरी निम्म्याहून जास्त मुलं चुकली.

त्याच परीक्षेत आणखी एक गोष्ट दिसली. पुस्तकं जास्त करून कागदावर वाचणाऱ्या मुलांचे वाचनातले गुण, पुस्तकं क्वचितच वाचणाऱ्या किंवा न वाचणाऱ्या मुलांपेक्षा सरासरी ४९ नं जास्त होते. अर्थात यावरून पुस्तक हाती दिलं की गुण वाढले, असं सरळ म्हणता येत नाही. ज्यांना वाचता येतं तीच पुस्तकं उघडतात, हेही खरं आहे. पण लांबलचक मजकुरात टिकून राहायची सवय पुस्तकातून लागते आणि तीच सवय पुढं पडद्यावर कामी येते, हे शिक्षकांना अनुभवानं ठाऊक आहे.

अमेरिकेतली पोरंही फसली

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं २०१९ मध्ये ३,४४६ हायस्कूल विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. त्यांना मतपेट्यांत खोट्या चिठ्ठ्या टाकताना दिसणारा एक अंधूक व्हिडिओ दाखवला आणि हा अमेरिकेतल्या निवडणुकीतल्या घोटाळ्याचा पुरावा मानायचा का, असं विचारलं. ५२ टक्के मुलांनी होय, भक्कम पुरावा आहे, असं सांगितलं. प्रत्यक्षात तो व्हिडिओ रशियातला होता. मुलांकडं इंटरनेट चालू होतं, शोधायची मुभा होती. तरी मूळ शोधून काढणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

याच संशोधकांनी आधी एक तुलना केली होती. इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि बातम्यांची खातरजमा करणं हाच ज्यांचा धंदा आहे अशी माणसं, या तिघांना अनोळखी वेबसाइट दाखवल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी त्या वेबसाइटवरच रेंगाळले. तिचं चिन्ह, तिची सजावट, तिनं स्वतःबद्दल लिहिलेलं वाचत बसले, आणि त्यातले पुष्कळ जण फसले. खातरजमा करणारी माणसं मात्र लगेच तिथून बाहेर पडली. दुसऱ्या ठिकाणी जाऊन त्यांनी पाहिलं की या वेबसाइटबद्दल इतर लोक काय म्हणतात.

गावातल्या माणसाला हे नवीन नाही. सोयरीक जुळवताना पाहुण्याचे कपडे आणि बोलणं बघून कुणी पोरगी देत नाही. त्याच्या गावात जाऊन चार घरी विचारपूस होते. फोनवरच्या मेसेजचीही तशीच विचारपूस करायची असते. पाठवणारा स्वतःबद्दल काय सांगतो ते बाजूला ठेवून दुसरीकडं चौकशी करायची. आपल्याकडं शहाणपण आहे, ते फोनवर वापरायची सवय नाही.

बिहारच्या गावांनी दाखवलेली वाट

या सगळ्यात चिखल्यासारख्या गावाला सगळ्यात जवळचा अभ्यास बिहारचा आहे. तिथं दोन वेगवेगळे प्रयोग झाले, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळचा. संशोधकांनी सुमारे बाराशे घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो कसा तपासायचा, हे समजावलं. नंतर पाहिलं तर सरासरी काहीच फरक नव्हता. एका तासानं सवय बदलली नाही.

दुसरा प्रयोग काही वर्षांनी झाला. बिहार सरकारच्या 'जीविका' या यंत्रणेसोबत ५८३ गावांतल्या १३,५०० शाळकरी मुलांना घेऊन. आपल्याकडं बचत गटांसाठी 'उमेद' आहे, तसं तिकडं 'जीविका'. तिनं चालवलेल्या गावाकडच्या ग्रंथालयांत वर्ग भरले. अभ्यासक्रम चार महिन्यांचा होता आणि त्यात आरोग्याबद्दलच्या खोट्या माहितीवर भर होता.

या वेळी फरक पडला. खरं-खोटं ओळखण्यात मुलं स्पष्टपणे पुढं गेली. खात्री नसलेल्या ठिकाणाहून आलेल्या माहितीवर त्यांचा भरवसा कमी झाला. आणखी चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तर शिकलेलं टिकून होतं, आणि वर्गात न शिकवलेल्या राजकीय अफवांनाही मुलं ते लावू लागली होती. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या आईबापांनाही खरं-खोटं जास्त कळू लागलं होतं. पोरगं शिकलं आणि घर शहाणं झालं.

एक तास वाया गेला, चार महिने कामी आले. शाळेत एक दिवस पाहुणे बोलावून 'सायबर जनजागृती'चा फोटो काढणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पाहुणा वाईट नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात काय, हे ठरलेलं नसेल तर फळ्यावरच्या खडूसारखं सगळं पुसलं जातं.

केरळातही असा प्रयत्न झाला होता. कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेतला आणि सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग घेतले. म्हणजे जिल्हा पातळीवर मनावर घेतलं तर सरकारी शाळेत हे होऊ शकतं.

ग्रंथालय कशाला, सगळं तर फोनवर आहे?

हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. फोनवर गोष्टी आहेत, बालभारतीची पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत. पण फोनवर पुढं काय दिसायचं हे मुलगा ठरवत नाही, फोन ठरवतो. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा येतो. कपाटासमोर उभं राहिलेलं मूल स्वतः निवडतं. एकाच विषयावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवून दोघांत वेगळं काय लिहिलंय ते बघू शकतं. आणि शेजारी शिक्षक असेल तर विचारू शकतं, "गुरुजी, यातलं खरं कोणतं?" खरी डिजिटल साक्षरता या प्रश्नापासून सुरू होते.

जगातल्या देशांनी यावर काय केलं ते थोडक्यात पाहू.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही सांगितला जातो. जिथं शाळेच्या ग्रंथालयात पुरेशी पुस्तकं आणि शिकलेला ग्रंथपाल होता, तिथली मुलं वाचनात पुढं होती. वस्ती गरीब की श्रीमंत, हे हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. नंतर इतर अनेक राज्यांतही असे अभ्यास झाले.

खोट्या माहितीला तोंड देण्याच्या क्रमवारीत युरोपात फिनलंड वर्षानुवर्षं वरच्या जागी आहे. गंमत म्हणजे तिथल्या सगळ्या शाळांत मोठी ग्रंथालयं नाहीत. तिथं गावाचं सार्वजनिक ग्रंथालय आणि शाळा हातात हात घालून काम करतात. लांबच्या वस्त्यांवर पुस्तकांची गाडी फिरते. माहिती तपासणं हा वेगळा विषय न करता भाषा, गणित, चित्रकला सगळ्यात मिसळून शिकवतात.

स्वीडन शाळांत संगणक आणण्यात पुढं होता. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तकं द्यायचं ठरवलं आणि त्या वर्षी त्यासाठी ६८.५ कोटी क्रोना बाजूला काढले. १ जुलै २०२५ पासून तर शाळेच्या ग्रंथालयात माणूस नेमलेला असलाच पाहिजे, असा नियम लागू झाला. नुसती खोली चालणार नाही, तिथं माणूस हवा, हे त्यांनी कायद्यात लिहिलं.

ब्राझीलची गोष्ट आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. २०१० मध्ये तिथं कायदा झाला की दहा वर्षांत प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक पुस्तक. २०२० उजाडलं तरी ते झालं नाही. शेवटी २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शाळांच्या ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय व्यवस्था उभी करायचं ठरवावं लागलं. नुसत्या कायद्यानं पुस्तक पोरांच्या हातात पडत नाही.

आपल्याकडं कायदा आहे, कपाट आहे, मग अडतं कुठं?

कायदा भारतातही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल, त्यात वर्तमानपत्र, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असतील. समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी शाळेच्या पातळीनुसार वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांची तरतूद आहे.

आता कागद आणि वास्तव यातलं अंतर बघा. सरकारच्या 'यूडायस' माहितीनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या ८७ टक्के शाळांत ग्रंथालय किंवा वाचन कोपरा होता. 'असर'ची माणसं ग्रामीण सरकारी शाळांत प्रत्यक्ष गेली तेव्हा, २०२४ मध्ये ५१ टक्के शाळांतच मुलं अवांतर पुस्तकं वापरताना दिसली. दोन पाहण्यांच्या शाळा सारख्या नाहीत, म्हणून आकडे काटेकोर जुळवता येणार नाहीत. पण 'आहे' आणि 'वापरतात' यात मोठी दरी आहे, हे त्यातून कळतं. चांगली गोष्ट अशी की २०१८ मध्ये हा वापराचा आकडा ३७ टक्के होता. म्हणजे सुधारणा होते आहे.

पुस्तकं कपाटात का राहतात? शिक्षकांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण कारणं समजून घेतली पाहिजेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं. दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, वर ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा. पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला चढलं की ते फाटल्याचं, हरवल्याचं उत्तर मुख्याध्यापकाला द्यावं लागेल अशी धास्ती असते. म्हणून कुलूप लागतं. पुस्तक नवंकोरं राहतं, पोरगं कोरं राहतं.

दुसरी अडचण भाषेची. या पट्ट्यात घरी झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी बोलली जाते. पुस्तकातली प्रमाण मराठी पहिली-दुसरीच्या लेकराला परकी वाटते. त्याला आधी मोठ्यानं वाचून दाखवणारं, त्याच्या बोलीत समजावणारं कुणीतरी लागतं. ते शिक्षकच असायला हवं असं नाही. सातवी शिकलेली आई, कॉलेजला जाणारी ताई, खाणीतून निवृत्त झालेले काका, कुणीही चालतं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन यांना बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. एका गावानं वाचल्या की पेटी पुढच्या गावी. शंभर वर्षांपूर्वी, वीज नसलेल्या खेड्यांत हे चाललं.

१९६७ मध्ये महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड वर्गातली अनुदानित ग्रंथालयं आज राज्यभर आहेत. २०१७ मध्ये सातारा जिल्ह्यातलं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. पुढं ही योजना वाढवताना आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधची निवड झाली. म्हणजे पुस्तकांचं गाव पाहायला पार साताऱ्याला जायची गरज नाही.

चिखल्यात काय करता येईल?

खाणीच्या गावाला एक हक्काचा मार्ग आहे, जो इतर गावांना नसतो. २०१५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर खाणचालकांना रॉयल्टीच्या प्रमाणात जास्तीची रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडं भरावी लागते. हा पैसा खाणीमुळं बाधित झालेल्या भागासाठी असतो आणि शिक्षण हे त्यातल्या प्राधान्याच्या विषयांत येतं. दुसरं म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितलंय. या दोन्हींतून इमारती, रस्ते, नळ मागितले जातात, आणि ते लागतातच. पण पुस्तकं आणि आठवड्यातून काही तास बसणाऱ्या माणसाचं मानधन मागणारा ठराव किती गावांनी केला असेल?

मागणी करायची तर नेमकी करावी. पालकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला या गोष्टी लगेच करता येतील :

१) कपाट उघडून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुस्तकं किती, त्यात गोष्टींची किती, आणि गेल्या महिन्यात देवघेव रजिस्टरमध्ये किती नोंदी झाल्या, हे विचारायचा त्यांना अधिकार आहे. पुस्तकांची संख्या विचारू नका, नोंदींची विचारा.

२) फाटण्याची परवानगी द्या. वापरानं पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर ते समितीला मान्य आहे, असा ठराव करून मुख्याध्यापकांच्या हाती द्या. धास्ती कमी झाली की कुलूप उघडायला मदत होईल.

३) आठवड्यातून एक तास पक्का करा. अर्धा तास पुस्तक, अर्धा तास 'मेसेज तपासणी'. गावच्या गटावर आलेला एखादा मेसेज कागदावर उतरवून आणायचा आणि मुलांना तीनच प्रश्न विचारायचे. हा पाठवला कुणी? याला पुरावा काय? दुसरीकडं कुठं हे लिहिलंय का? यासाठी संगणक लागत नाही, फळा पुरतो.

४) काही गोष्टी पाठच करून घ्या. सरकारी वेबसाइटचा पत्ता बहुतेक वेळा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'नं संपतो. एपीके फाइल अनोळखी असो की ओळखीच्या नंबरवरून, उघडायची नाही. पैसे गेले तर रडत न बसता लगेच १९३० ला फोन करायचा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची आशा कमी.

५) जवळच्या चार शाळांनी पेटी फिरवा. प्रत्येक शाळेकडं थोडीच पुस्तकं असतील तर महिन्याला अदलाबदल करा. बडोद्याची युक्ती आजही जुनी झालेली नाही.

६) हे सगळं शाळा विकास आराखड्यात लिहा आणि खनिज प्रतिष्ठानच्या मागणीला ग्रामसभेचा ठराव जोडा. तोंडी मागणी हवेत विरते.

शंका घेणारे म्हणतील की पुस्तकं वाचणारे शहरातले शिकलेले लोकही डिजिटल अरेस्टला बळी पडतातच की. खरं आहे. वाचन म्हणजे कवच नव्हे. भीती आणि लोभ यापुढं भल्याभल्यांची बुद्धी थांबते. पण म्हणूनच बिहारच्या प्रयोगात माहितीपेक्षा सवयीवर भर होता. घाई झाली की थांबायचं, एकट्यानं ठरवायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं. ही सवय पोराला शाळेत लागली तर फोन हातात घेतलेल्या बापाला ते घरी म्हणेल, "बाबा, थांबा. आधी वाचू द्या."

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं उघडायला बंदी घातली. तशी बंदी इकडं यावी की नाही, यावर वाद होत राहील. पण खेड्यात फोन मुलाचा नसतोच, घराचा असतो. बंदी आली तरी आईचा मेसेज तेच वाचणार. म्हणून त्याच्या हातून फोन काढून घ्यायचा प्रश्न दुय्यम आहे. त्याला वाचता यायला हवं, हा पहिला.

राज्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवायची पद्धत आहे. पुढच्या सभेत रस्ता, नाली, नळाचे विषय येतीलच. त्यांच्यासोबत एक प्रश्न विचारायला एक मिनिट लागेल : गेल्या महिन्यात आपल्या शाळेतून किती पुस्तकं पोरांच्या घरी गेली?